बिस्किट झाडं खात होती तेव्हा

अल्फारेटात पानगळ एकदम येत नाही. सप्टेंबर संपता संपता एखाद्या सकाळी गाडीच्या काचेवर दव दिसतं, रस्त्याच्या कडेच्या झाडाचं एखादंच पान जांभळं पडलेलं असतं, दुकानांच्या दारात भोपळे येऊन बसतात. शेजारीपाजारी खूश असतात. जॉर्जियाचा तो घामट उन्हाळा एकदाचा संपला, आता संध्याकाळी फिरायला जाता येईल. माझ्या पोटात मात्र याच दिवसांत एक बारीकसा गोळा येतो आणि डिसेंबर उजाडेपर्यंत तो काही जात नाही. लोक झाडांकडे बघताना माना वर करतात, कारण रंग वर असतात. मी खाली बघते. बुंध्याकडे. माझ्या छातीच्या उंचीवर साल शाबूत आहे ना, एवढंच मला बघायचं असतं. घोडीचं तोंड मान न ताणता पोचतं ती ही उंची.

परवा कंपनीच्या पार्किंगमध्ये मी अशीच एका मेपलपाशी थांबून खोडावर हात फिरवत होते. ऑफिसमधला नागपूरचा एक नवा मुलगा बाजूने जात होता. तो म्हणाला, "काकू, ऑल ओके? कार लागली का झाडाला?" मी म्हटलं, नाही रे, सहज. आता त्याला कुठून सांगणार, की पार्किंगमध्ये घोडा येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण मन चिंती ते वैरी न चिंती, आणि माझं मन या कामात जरा जास्तच हुशार आहे.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही शिकागोजवळचं घर सोडून इथे आलो. मिलिंदची, माझ्या नवऱ्याची, नोकरी बदलली होती. शिकागोची थंडी सुटली म्हणून मला आनंद झाला, डेव्हन ॲव्हेन्यूवरची मिठाईची दुकानं सुटली म्हणून थोडं वाईट वाटलं, आणि एवढ्यावर माझं भागलं. रेवाचं भागलं नाही. आमची रेवा तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या वयात मैत्रिणी म्हणजेच गाव असतं, आणि आम्ही सोफ्यापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सगळं ट्रकमध्ये भरलं, तिचं गाव तेवढं मागे ठेवून आलो.

इथे आल्यावर ती भांडली असती, रडली असती, तर मला कळलं असतं काय करायचं ते. ती गप्प झाली. शाळा कशी झाली? "फाइन." डबा खाल्लास? "येस." कोणी ओळखीचं झालं का? "आई, प्लीज." बाहेर अंगाची लाही होत असताना ती एक करडी हुडी घालून बसायची आणि त्या हुडीची दोरी दिवसभर तिच्या दातांत असायची. दोन्ही टोकं चावून चावून दातणासारखी पिंजली होती. "काढ ते तोंडातून," हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा म्हटलं असेन. ती काढायची. मी वळले की पुन्हा तोंडात. शेवटी एकदा हुडी धुवायला आली तेव्हा मी ती दोरीच ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती बाही चावत बसली होती.

आमच्या वसाहतीपासून थोडं पुढे गेलं की घरं विरळ होतात आणि पांढऱ्या कुंपणांची कुरणं सुरू होतात. एका शनिवारी तिकडून जाताना रेवा म्हणाली, "आई, थांब ना." तिने आपणहून काही मागण्याची ती कित्येक आठवड्यांतली पहिली वेळ. मी इतक्या जोरात ब्रेक मारला की मागच्याने हॉर्न वाजवला. कुंपणापलीकडे एक तपकिरी घोडी उभी होती. कपाळावर पांढरा ठिपका, सुटलेलं पोट, आणि समोरच्याला ओळखत असल्यासारखी नजर. तिचं नाव बिस्किट. ते कुरण आणि त्यामागचा तबेला पॅटीचा. पॅटी साठीतली, उन्हाने रापलेली, एक घाव दोन तुकडे असं बोलणारी बाई. तिच्याकडे रेवा आधी नुसती घोड्यावर बसायला शिकायला लागली, आणि मग आम्ही बिस्किट अर्धी भाड्याने घेतली. इकडे तशी पद्धत आहे, घोडी मालकाचीच राहते, आठवड्यातले ठरावीक दिवस तुमची. पुण्याच्या माझ्या बहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कुठली अर्धी घेतलीत, पुढची का मागची?"

एकदा मी रेवाला आणायला जरा लवकर पोचले. ती आत बिस्किटला खरारा करत होती आणि बोलत होती. थांबत नव्हती. कोणी तिच्या डब्यातल्या भाजीला काय म्हणालं, शिकागोची अन्या आता मेसेजला उत्तर देत नाही, जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीत कशी जाऊन बसते, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मी खांद्यावर पर्स अडकवून दाराबाहेर उभी राहिले. मुलगी बोलते आहे याचं मला बरं वाटलं, आणि ते मला घोडीमुळे कळतं आहे याचं फार वाईट वाटलं. मग पाय वाजवत आत गेले. ती गप्प झाली. "फाइन," म्हणाली, मी अजून काही विचारलंही नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी बिस्किटला तपासलं आणि वजन फार वाढलंय असं सांगितलं. हिरवं गवत असंच खात राहिली तर खुरं सुजतील, मग चालणंच अवघड. त्यामुळे तिला इतर घोड्यांबरोबरच्या मोठ्या कुरणातून काढून पलीकडच्या एका छोट्या आवारात ठेवलं. तिथे हिरवं गवत नव्हतंच, दोन वेळा मोजकं वाळलेलं गवत मिळायचं. सावलीला दोन ओक आणि कोपऱ्यात एक लाल मेपल. बाईसाहेब डाएटवर गेल्या, असं आम्ही हसत म्हणायचो. वाळलेलं गवत ती बघता बघता संपवायची आणि उरलेला दिवस कुंपणाशी उभी राहून लांबच्या घोड्यांकडे बघायची.

मग एका दुपारी आम्ही गेलो तर ओकच्या बुंध्यावर ओल्या जखमेसारखा पिवळसर पट्टा. साल सोलून निघाली होती. बिस्किटच्या ओठांना लाकडाचा भुसा लागलेला, आणि आमच्याकडे बघून तिने कान टवकारले, जणू काही झालंच नाही. मला आधी हसू आलं. पॅटी आली, तिने बोट लावून पट्टा कुठवर गेलाय ते पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं. ती मला म्हणाली त्याचा मराठीत अर्थ असा: ही झाडं माझ्या आजोबांच्या वेळची आहेत. जुलैत इथे सावली नसेल तर घोडे उन्हाने पडतील. झाडाचं अन्न सालीतून खाली जातं, बुंध्याभोवती गोल साल गेली की झाड वाचत नाही. माझं या घोडीवर प्रेम आहे, पण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत ही खोड गेली नाही तर मी तिला टेनेसीला भावाकडे पाठवीन, त्याच्या कुरणात झाडंच नाहीत. एवढं बोलून ती गेली. रेवा बिस्किटच्या मानेला धरून उभी होती. तिच्या हुडीची बाही तोंडात होती आणि मी "काढ" म्हणाले नाही.

टेनेसी काही फार लांब नाही. पण त्या दिवशी मला तो शब्द अंदमानासारखा ऐकू आला. या मुलीचं इथे बोलायचं एकच माणूस आहे, ते घोडी आहे, आणि ते चाललं आहे, यापलीकडे मला काही सुचेना.

काळजी करायची म्हटली की मी वाचते. घोडे झाडं का खातात, यावर मी त्या दिवसांत ऑफिसच्या मीटिंगांमध्येसुद्धा चोरून वाचलं. लोक अनेक कारणं सांगतात. पोटात चोथा कमी पडला की खातात. क्षार कमी पडले की खातात. कंटाळले की खातात, एकटे पडले की खातात. कधी नुसतीच सवय लागते आणि मूळ कारण संपलं तरी तोंड चालूच राहतं. थंड, ओलसर दिवसांत साल त्यांना जास्तच गोड लागते म्हणे. मी हे सगळं भराभर वाचत गेले आणि खाली "हे थांबवायचं कसं" असं आलं की तिथे थांबून सावकाश वाचायचे. कारणं मला नको होती, उपाय हवा होता. वाचता वाचता मला एक गोष्ट अशी कळली, जी कळली नसती तर मी सुखी राहिले असते. लाल मेपलची कोमेजलेली पानं घोड्याला विषारी असतात. झाडावरच्या हिरव्या पानांचं तितकं भय नाही, पण फांदी मोडून पडली, पानं सुकायला लागली आणि घोड्याने ती खाल्ली, तर रक्तच नासतं. त्या आवाराच्या कोपऱ्यातलं सगळ्यात देखणं झाड लाल मेपलचं होतं, आणि पानगळ तोंडावर आली होती. पॅटीला हे ठाऊक होतं, गळलेली पानं रोज झाडून घेऊ, म्हणाली.

उपाय आम्ही सगळे केले. उग्र वासाच्या साबणाच्या वड्या दोरीला ओवून खोडांवर टांगल्या. आवार साबणाच्या जाहिरातीसारखं दरवळलं आणि बिस्किट वड्या नाकाने बाजूला सारून साल खात राहिली. कडू फवारा आणला, तो पहिल्या पावसात धुऊन गेला. पॅटीने बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळली. हा उपाय खरा, पण जुन्या ओकच्या मुळांमुळे जाळी नीट बसेना, बिस्किट छातीने ती दाबून खाली करायची आणि वरची साल सोलायची. मेपलची जाळी तेवढी कशीबशी टिकली, तीही एका बाजूने. रेवा शाळेतून आली की आधी विचारायची, "पॅटीचा फोन आला होता?" आमच्या घरात फोन वाजला की दोघी दचकायचो.

नवरात्राच्या आधी नाना आले. नाना म्हणजे माझे वडील, सांगलीला असतात. उभी नोकरी त्यांनी बांधकाम खात्यात रस्त्यांवर काढली. आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेच्या चिंचांना आणि वडांना खाली गेरूचा लाल आणि वर चुन्याचा पांढरा पट्टा असतो ना, तसे पट्टे मारून घेण्यात त्यांचे पावसाळ्यानंतरचे दिवस जायचे. लहानपणी त्यांच्या जीपमधून जाताना मला वाटायचं, झाडं उगवतातच पायमोजे घालून. येताना नानांनी बॅगेत गेरूची पुडी आणली होती, आमची तुळशीची कुंडी रंगवायला. रेवाने त्यांना बिस्किटची गोष्ट सांगितली, आमच्याशी बोलत नव्हती तेवढं सविस्तर. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "साबण काय बांधता झाडाला? गेरू-चुना लावा. त्यात तिखट घाला. किडा लागत नाही, जनावर लागत नाही. मी आयुष्यभर तेच केलं."

पॅटीला विचारलं तर तिने खांदे उडवले आणि करून बघा म्हणाली. शेतीच्या सामानाच्या दुकानातून मातीत मिसळायच्या चुन्याचं पोतं आणलं. दसऱ्याच्या दिवशी शिलंगणाला निघाल्यासारखे आम्ही तबेल्यावर गेलो. नानांनी आधी खोगिराला हळदीकुंकू लावलं, बिस्किटच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तिने मान वळवून हार खाल्ला. नाना म्हणाले, "असू दे, सणाचं गोड खाल्लं तिने." मग बादलीत गेरू, चुना, पाणी. तिखट घालायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थबकला. "मुकं जनावर आहे. फार भाजायला नको," म्हणत त्यांनी चिमूटभर घातलं. रंग सालीला धरत नव्हता. "जुने गवंडी चुन्यात गूळ घालायचे. आणि मीठ. त्याशिवाय धरायचा नाही," असं म्हणून त्यांनी गुळाचा मोठा खडा कुस्करून घातला आणि मीठ ओंजळीने ओतलं. रेवा हातमोजे घालून ढवळत होती. "स्मेल्स लाइक चटणी," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मी पुढे कित्येक दिवस पुरवून वापरलं.

संध्याकाळी दोन्ही ओक लाल-पांढरे झाले. जॉर्जियाच्या त्या कुरणात मध्येच सांगली-मिरज रस्त्याचा तुकडा येऊन उभा राहिल्यासारखा दिसत होता. नानांना फार आनंद झाला. त्यांनी झाडांसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. बिस्किट कुंपणाशी आली. तिचं सगळं तोंड लाल होतं. ओठ लाल, नाकपुड्या लाल, हनुवटीवरून लाल ओघळ. मला वाटलं, तारेने चिरलं. नाहीतर मेपल खाल्ला आणि रक्त आलं. रेवा ओरडली नाही. ती पांढरीफटक पडली आणि कुंपणाच्या फळ्यांमधून आत गेली. मी तिला थांबवायला हात पुढे केला, तो तसाच राहिला. नाना मागून आले, वाकले, बिस्किटच्या ओठावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"गेरू आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की जेमतेम ऐकू आला.

मग आम्ही झाडांकडे पाहिलं. जिथवर जीभ पोचते तिथवर खोडं चाटून लख्ख. पत्रावळीवरची शेवटची भाजी पुसून घ्यावी तशी. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी चुना कुठला ते विचारलं, मी पोत्यावरचं वाचून दाखवलं. हा मातीत घालायचा दगडाचा चुना, भाजणारा नव्हे, तोंड धुवा आणि पोट दुखण्याच्या खुणा दिसतात का बघा, असं त्या म्हणाल्या. पॅटी येऊन हसत सुटली. नाना हसले नाहीत. ते बादलीतल्या पाण्याने बिस्किटचं तोंड धूत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

रेवा मात्र झाडाशी उभी होती. "नाना, तुम्ही काय काय घातलं होतं? सगळं सांगा." नानांनी सांगितलं. ती धावत पॅटीच्या स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या एका तळहातावर मीठ होतं. आमच्या पिशवीतला उरलेला गूळ तिने दुसऱ्या हातात घेतला आणि दोन्ही हात पुढे केले. बिस्किटने गुळाचा वास घेतला, सोडून दिला, आणि मीठ चाटायला लागली. खरखर आवाज येत होता. हात रिकामा झाला तरी ती तळहात चाटत राहिली.

आवारात चाटणाची वीट नव्हती, घोड्यांना चाटायला ठेवतात ती. मिठाची ती वीट मोठ्या कुरणात होती. बिस्किटला इकडे हलवलं तेव्हा पॅटीला वाटलं, मदतीला येणाऱ्यांनी हलवली असेल, त्यांना वाटलं, पॅटीने. आम्ही तर असं काही असतं हेच विसरलो होतो, आणि मी ते वाचलंही होतं. सगळा उन्हाळा घाम गाळून घोडीचं मीठ सरलं होतं. त्यात खाणं अर्धं, आणि सोबतीला कोणी नाही. ती झाडाकडे गेली यात नवल ते काय.

रेवा बिस्किटच्या तोंडाकडेच बघत बोलली. "शी वॉज नॉट बीइंग बॅड. तिला काहीतरी हवं होतं. वी ऑल जस्ट वॉन्टेड हर टू स्टॉप."

ती बिस्किटबद्दलच बोलत होती. पण कचऱ्याच्या डब्यात पडलेली करडी दोरी माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी झाडाचा फोटो काढायचा म्हणून तिकडे वळले. मला तेव्हा तिच्याकडे बघवेना.

मग गोष्टी हळूहळू बदलल्या. चाटणाची वीट आली. गवत कमी कॅलरीचं पण जास्त, तेही बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगलेलं, म्हणजे काडी काडी ओढून खाण्यात दिवस जावा. पॅटीकडे मागे मेबल नावाची म्हातारी गाढवीण होती, तिला बिस्किटच्या आवारात आणून सोडलं. पहिले काही दिवस दोघींनी एकमेकींकडे पाठ केली. एका सकाळी पाहिलं तर दोघी एकमेकींच्या मानेवर हनुवट्या टेकवून उभ्या होत्या. ओकची जाळी नव्याने, नीट बसवली. झाडाला नवी जखम होईना. तरी थँक्सगिव्हिंग अजून दूर होतं आणि सवय एकदा लागलेली कधी परत येईल याचा भरवसा नव्हता. मी रोज खोडं तपासत होते.

आणि ऑक्टोबर संपता संपता समुद्रावरच्या कुठल्याशा वादळाची शेपटी आमच्यावरून गेली. सकाळी पॅटीचा फोन आला. मेपलची मोठी फांदी आवारात आडवी पडली होती. आम्ही पोचलो तर लाल पानांचा सडा, आणि बिस्किट त्यातच उभी. किती पानं खाल्ली, खाल्ली का नाही, कोण सांगणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचे काही दिवस लघवीचा रंग गडद होतोय का आणि हिरड्या फिक्या पडताहेत का बघा, बाकी आत्ता काही कळायचं नाही. बिस्किट आणि मेबलला दुसरीकडे नेलं. नानांनी खराटा घेतला, मी आणि पॅटीने पोती. जगातल्या सगळ्या माणसांना जी पानं सुंदर वाटतात ती मी त्या दिवशी शत्रूसारखी वेचली. पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवतही नाही. रेवा शाळेतून थेट तबेल्यावर जायची, बिस्किटचा ओठ वर करून हिरड्या बघायची आणि मला ऑफिसात मेसेज करायची. एकच शब्द. "पिंक." तो शब्द येईपर्यंत मी घशाखाली घोट घेत नसे.

हिरड्या गुलाबीच राहिल्या. जाळीत गवत भरपूर होतं म्हणून तिने पानांना तोंड लावलं नसावं, असं पॅटी म्हणाली. नसावं. या शब्दावर मी अजूनही थोडी अडखळते.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी पॅटी आवारात आली. एकेका खोडाभोवती फिरली, सालीवरून हात फिरवला. रेवा मेबलच्या आडोशाला उभी राहून बघत होती. बाही तोंडात नव्हती, मुठीत होती. "शी कॅन स्टे," पॅटी म्हणाली, आणि मेपल मात्र जानेवारीत पाडणार असं पुढे जोडलं. रेवाने बिस्किटच्या मानेत तोंड खुपसलं. नाना दुसरीकडे बघत चष्मा पुसायला लागले. मला आनंद झाला, आणि त्या देखण्या झाडाकडे बघून काहीतरी तुटलंही. ते झाड तिथे आधीपासून होतं. त्याचा काही गुन्हा नव्हता.

त्यानंतर रेवाला लगेच मैत्रिणी मिळाल्या असं काही झालं नाही. मी हुडीत नवी दोरी ओवून दिली, एवढं मात्र केलं. जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसतेस का, हे विचारायला मला आणखी एक महिना लागला. ती "हो" म्हणाली आणि रडली. मग हळूहळू पुढचं.

आता ती उत्तरेकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकायला आहे, पहिलंच वर्ष. तिकडे पानगळ आमच्या आधी येते. बिस्किट म्हातारी झाली आहे, तिच्यावर कोणी फारसं बसत नाही, पण या दिवसांत मी रविवारी जाते. पॅटीचे गुडघे दुखतात, म्हणून चाटणाची वीट बदलायचं काम माझ्याकडे आहे. ओकच्या जखमेच्या कडा आत वळल्या आहेत, मधलं लाकूड अजून उघडं आहे. गेरूचा एक लाल डाग जीभ पोचत नाही अशा खाचेत राहून गेलाय.

गेल्या रविवारी मी तिथेच असताना रेवाचा व्हिडिओ कॉल आला. मी नेहमीचे प्रश्न विचारले. जेवलीस का? "येस." थंडी पडली का? "अ लिटल." रूममेट बरी आहे का? "शी इज फाइन, आई." मागे वसतिगृहाची रिकामी भिंत होती. आणि हुडीची दोरी तिच्या दातांत होती. करडी नव्हे, कॉलेजची नवी निळी हुडी. टोक पिंजलेलं.

"काढ ते तोंडातून" हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. मी फोन कुंपणाच्या खांबावर टेकवला, बिस्किट आणि मेबल दोघी दिसतील असा, आणि विचारलं, "रेवा, तिथे काय कमी पडतंय गं?"

"नथिंग," ती म्हणाली.

बिस्किट जाळीतून गवत ओढत होती, तेवढाच आवाज येत होता. रेवा ते बघत राहिली. मग तिने दोरी तोंडातून काढली.

"आई," ती म्हणाली, "तुला आत्ता वेळ आहे?"

मी म्हटलं, आहे. आणि चाऱ्याची बादली उपडी करून तिच्यावर बसले.